पत्ता बदलला तरी ओळख राहावी

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय बदलले, म्हणून जुन्या कार्यालयातील दप्तर आपोआप नव्या कार्यालयात जात नाही. ते यादी करून पोचते करावे लागते. संकेतस्थळाचा पत्ता बदलतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते.

अलीकडे अनेक शासकीय संकेतस्थळे ‘एनआयसी डॉट इन’ वरून ‘जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावर आली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या नागरिकास नव्या पत्त्याकडे वळविण्यात येते. परंतु त्याची ‘कुकी’ मागे राहते. कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरजवळ ठेवावयास दिलेली लहानशी नोंद. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती प्रथम योजिली. नागरिकाने निवडलेली भाषा, त्याचे लॉगिन, अपुऱ्या अर्जाचा धागा या नोंदीवर अवलंबून असतो. ज्या पत्त्याने नोंद दिली, त्यालाच ब्राउझर ती परत दाखवितो. हे बंधन सुरक्षिततेसाठीच आहे.

परिणाम मात्र सामान्य माणसास भोगावा लागतो. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखादा शेतकरी अर्ज भरत असता पानावरील जुनी जोडणी त्याला दुसऱ्या पत्त्याकडे नेते. तेथे त्याची ओळख उरत नाही. पुन्हा लॉगिन करावे लागते, मराठीऐवजी इंग्रजी पान उघडते आणि दिवसाची मजुरी बुडते.

यावर उपाय आहेत. एकाच नावाच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह व त्याविना अशा दोन रूपांत, कुकी देतानाच मूळ नावाचा उल्लेख केल्यास ती दोन्हीकडे चालते. मात्र मग ती त्या नावाखालील सर्व उपस्थळांनाही मिळते, म्हणून हा उल्लेख विचारपूर्वकच करावा. याहून उत्तम म्हणजे एकच रूप अधिकृत ठरवून, कुकी देण्यापूर्वीच नागरिकास तेथे वळवावे. दोन नावे सर्वस्वी भिन्न असतील तर कुकी पुढे नेता येत नाही. अशा वेळी जुन्या सर्व्हरने अल्पकाळ टिकणारी, एकदाच वापरता येणारी सांकेतिक खूण द्यावी. नव्या सर्व्हरने ती पडताळून स्वतःची नवी कुकी द्यावी. हा व्यवहार सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ मार्गानेच व्हावा आणि मूळ लॉगिनची कुकी पत्त्याच्या ओळीत कधीही लिहू नये. भरलेला अर्ज पाठविला जात असता ‘३०१’ या संकेताने वळविल्यास मजकूर गळून पडण्याचा संभव असतो. ‘३०८’ या संकेताने तो कायम राहतो.

नवा पत्ता जाहीर करण्यापूर्वी संबंधितांनी एक साधी चाचणी घ्यावी. जुन्या पत्त्यावर मराठी निवडावी, लॉगिन करावे, अर्ज अर्धा भरावा आणि मग नव्या पत्त्यावर जावे. तेथे अर्ज होता तसाच मराठीत उघडला, तरच स्थलांतर पूर्ण झाले असे समजावे. पानांवरील जुन्या जोडण्याही त्याच वेळी दुरुस्त कराव्यात. कार्यालयाने आपला पत्ता जरूर बदलावा. त्याचा हेलपाटा मात्र नागरिकास पडू नये.