किती नाव, कुणाला

१. पूर्ण नाव कायद्याला लागेल तिथेच द्यावं. बँक, सिमकार्ड, इन्कम टॅक्स इथे आधार-पॅनवरचं अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, हट्ट करून उपयोग नाही. पण किराणा पोचवणाऱ्या ॲपला माझ्या नवऱ्याचं नाव कशाला हवं? आपलं मराठी नाव एका दमात बरंच सांगून टाकतं: बाई की पुरुष, बाप किंवा नवरा कोण, आणि आडनावावरून गाव नि जात हुडकणारे तर पावलोपावली. टॅक्सी बोलावताना मी दोन आद्याक्षरं ठेवते. टॅक्सी तेवढ्याच वेळात येते.

२. ‘आईचं माहेरचं आडनाव?’ या सुरक्षा-प्रश्नाला खरं उत्तर देऊ नये. ज्यानं तो काढला त्यानं आपली लग्नपत्रिका पाहिलेली नसावी. तिच्यात मामांची नावं आडनावासकट छापतात आणि हल्ली ती व्हॉट्सॲपवरून अख्ख्या गावाला जाते. मी तिथे भलताच शब्द लिहिते आणि घरच्या वहीत टिपून ठेवते. (वहीवर ‘दूध हिशेब’ लिहिलंय.)

३. लॉजवर आधारची झेरॉक्स मागितली की मास्क्ड आधार पुढे करावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट मिळतं. ‘हे चालत नाही’ म्हणणाऱ्यानं बहुधा ते आधी पाहिलेलंच नसतं.

४. यूपीआय आयडीत मोबाइल नंबर नको. दुसरा आयडी काढता येतो. पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव मात्र दिसणारच, आणि ते योग्यच आहे.

५. टोपणनाव घेणारा लबाडच, हे मला मान्य नाही. गूगल प्लसनं २०११मध्ये खऱ्या नावाची सक्ती केली, २०१४मध्ये सोडली. त्याच वर्षी फेसबुकनं अमेरिकेतल्या ड्रॅग कलाकारांची खाती नावावरून अडवली आणि मग माफी मागितली. गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, ग्रेस यांच्याकडे कुणा संपादकानं ओळखपत्र मागितलं असतं तर?

६. ॲप काढलं म्हणजे खातं गेलं नाही. चुकीचं नाव दुरुस्त करून घेण्याचा, माहिती पुसून घेण्याचा हक्क २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे, पण अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. म्हणून ॲप काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ‘डिलीट अकाउंट’ शोधावं. ते असतं, अगदी तळाशी, फिक्या अक्षरात.