स्वस्त उत्प्रेरकाचा शोध आणि बारावीनंतरची निवड

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा करण्यास, म्हणजे विद्युत अपघटनास, सिद्धांताने १.२३ व्होल्ट पुरेसे असले तरी प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक लागतात. ही जादा वीज वाचवणारा, स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. प्रोटॉन वाहून नेणाऱ्या आम्लधर्मी पटलाच्या संयंत्रात ऑक्सिजन सुटण्याच्या बाजूला इरिडिअम वापरतात, कारण तेथील आम्लात बहुतेक धातू विरघळतात. पण हा धातू जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन मिळतो. उलट अल्कधर्मी द्रावणात निकेल आणि लोह यांसारखे स्वस्त धातू टिकतात, म्हणून त्यांच्या संयुगांवर आज पुष्कळ संशोधन चालते.

या क्षेत्राचा विचार करणाऱ्या पालकांचे लक्ष मात्र बहुधा राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाकडे असते. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झालेल्या या अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे. तथापि आज अकरावीत असलेला विद्यार्थी पीएच.डी. होईल तेव्हा ते साल केव्हाच उलटलेले असेल. म्हणून नावात ‘हायड्रोजन’ मिरवणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा रसायनशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी किंवा धातुशास्त्र ही मूळ शाखा घेणे अधिक सुरक्षित, कारण तिच्या आधारे शिकलेले विद्युत-रसायन बॅटरी, गंजरोधन आणि कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतही कामी येते.

प्रवेशाच्या वाटा परिचित आहेत: बारावीनंतर आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, बी.एस्सी.नंतर पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘जॅम’, अभियंत्यांसाठी ‘गेट’. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर, तसेच मुंबईतील आयआयटी व रसायन तंत्रज्ञान संस्था ही राज्यातील ठळक नावे.

खरी अडचण, आणि म्हणून खरे काम, प्रयोगशाळा व कारखाना यांच्यामधल्या टप्प्यात आहे. चौरस सेंटिमीटरभर पृष्ठभागावर काही तास उत्तम चाललेला उत्प्रेरक चौरस मीटरभर जाळीवर हजारो तास टिकेलच असे नाही. वायूचे बुडबुडे पृष्ठभाग अडवतात, थर सोलवटतो, सौरविजेच्या चढउताराने तो लवकर झिजतो. नवा पदार्थ शोधल्याची घोषणा वारंवार वाचायला मिळते, त्याच्या टिकाऊपणाचे कंटाळवाणे मोजमाप करणारे थोडे असतात; तेच मोजमाप महिनोन्महिने करण्याची चिकाटी पाल्यात आहे काय, हे पदवीच्या काळात एखाद्या प्रयोगशाळेतील उन्हाळी प्रकल्पातून प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षा अधिक स्पष्ट कळते.