अनोळखी माणसाला टूल द्यावं का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राउटरचा पासवर्ड किती कच्चा आहे, हे तपासणारं टूल मी लिहिलं. टेलिग्रामवर एक अनोळखी माणूस ते मागतोय. वापरणारा जबाबदार, मग मी देण्यात काय वावगं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : टूल लिहिलंत, घरच्या राउटरवर चालवलं असलं, तरी त्यात काहीच चुकलेलं नाही. एनमॅप, मेटास्प्लॉइटसारखी सुरक्षा तपासणारी टूल्सही सर्वांना खुली आहेत. पण देणारा नेहमी मोकळा राहतो, हा गैरसमज आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला मदत करणाराही येतो. हेतू लबाडीचा ठरला, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय हातातून सुटलेला कोड पसरतो : २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमचा कोड खुला झाला. त्यात राउटर-कॅमेऱ्यांना कंपन्यांनी दिलेल्या पासवर्डची यादीच होती; पाठोपाठ त्याच्या कितीतरी नकला फिरू लागल्या.

त्या माणसाला विचारा : कोणाच्या राउटरवर चालवणार? मालकाची लेखी परवानगी आहे? टाळाटाळ केली, तर सरळ नकार द्या. नाही म्हणायला संकोच कसला! तुमचं काम कोणीतरी बघावं असं वाटणं साहजिक आहे. ते प्राध्यापकांना दाखवा. राउटरमध्येच दोष सापडला असेल, तर आधी कंपनीला किंवा सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा.