समुद्र नाही, मग मीठ कुठलं?

आपला मुलूख समुद्रापासून लांब. नांदेडहून किंवा लातूरहून सरळ पश्चिमेला निघालं तर चारशे-साडेचारशे किलोमीटरवर समुद्र लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही नाही.

तरी एका रात्री वर्गात मिठाची गोष्ट निघाली. नांदेड जिल्ह्यातलं, कालव्याखालचं गाव. फळ्यावर आम्ही 'मीठ' हा शब्द लिहिला होता. मागं बसलेल्या एका तात्यांनी पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, माझ्या रानात खालच्या अंगाला उन्हाळ्यात मीठ फुटतंय. भिंतीला लोणा लागावा तसं पांढरं. समुद्र तर म्या डोळ्यानं बघितला न्हाई. मग हे मीठ आलं कुठून?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांच्या दोन पट्ट्या पडीक पडल्या होत्या. आधी ऊस व्हायचा, मग ज्वारी, मग तीही पिवळी पडू लागली.

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आलं नाही. पुढं कामानिमित्त पनवेलला जाणं झालं. तिथं खाडीकाठी खाऱ्या जमिनी आहेत आणि त्या जमिनींचा अभ्यास करणारं सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथं जे पाहिलं आणि समजून घेतलं ते आधी सांगतो. तात्यांच्या रानाकडं मग वळू.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. भरतीचं पाणी खाडीतून आत शिरतं आणि काठची सखल जमीन बुडवतं. अशा जमिनीला खाजण म्हणतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे तांब्याभर पाण्यात चहाचे सहा-सात चमचे. अशा पाण्यात आपली ज्वारी किंवा तूर एक आठवडाही तगणार नाही. पण तिथं तिवर आणि कांदळ अशी झाडं उभी असतात. तिवराची काही मुळं तर जमिनीतून वर आलेली दिसतात, बोटाएवढ्या काड्या चिखलात खोचाव्यात तशी. झाड त्या मुळांनी श्वास घेतं, कारण खालच्या चिखलात हवा नाही.

ही हवा नसल्याची गोष्ट ध्यानात ठेवा. सगळी मेख तिथंच आहे.

आपल्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी पेव वारं घ्यायला मोकळं ठेवीत, मग उतरत. आतली चांगली हवा संपलेली असते, माणूस गुदमरून मरतो. पण त्यामुळंच किडे जगत नाहीत आणि धान्य टिकतं. बरणीतल्या लोणच्याचंही तसंच. वर तेलाचा थर असला की हवा आत जात नाही आणि लोणचं वर्षभर राहतं. खाजणात तेलाच्या जागी पाणी असतं. झाडाची पानं पडतात, मुळ्या मरतात, खेकडे-मासे मरतात. हे सगळं चिखलात गाडलं जातं. शेतात पडलं असतं तर ते लवकर कुजून गेलं असतं. तिथं हवा नाही, म्हणून कुजणं फार सावकाश चालतं. दर वर्षी थोडं थोडं साठत जातं. पाल्याचा, मुळ्यांचा, शेणाचा असा जो भाग मातीत असतो त्याला सेंद्रिय भाग म्हणतात.

काही देशांत हा साठा इतका वाढला आहे की जमीनच मुळी कुजक्या पाल्यापाचोळ्याची झाली आहे. आयर्लंडमध्ये लोक अशा जमिनीचे चौकोनी तुकडे कापत, वाळवत आणि चुलीत जाळत. आपल्या गोवऱ्यांसारखं. वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग असा असला, तर ती माती साधारणपणे सेंद्रिय माती म्हणायची. आपल्या कोकणच्या खाजणात मात्र नद्यांचा गाळ फार येतो. तिथल्या चिखलात खरी माती जास्त, सेंद्रिय भाग कमी. पूर्ण सेंद्रिय म्हणता येणार नाही. तरी आपल्या कोरडवाहू रानापेक्षा तो या बाबतीत श्रीमंत आहे.

ओहोटीच्या वेळी आम्ही त्या चिखलात पाय घातला. पाय पोटरीपर्यंत रुतला. बाहेर काढला तर काळाकुट्ट, आणि वास कुजक्या अंड्याचा. हा वास गंधकाचा. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर गंधकाचे क्षारही असतात. चिखलातल्या बारीक जंतूंना हवा मिळत नाही, म्हणून ते या क्षारांवर आपलं काम भागवतात. त्यातून तो वायू निघतो. चिखलातल्या लोखंडाशी त्याचा संयोग होतो आणि चिखल काळा पडतो. काळी माती म्हटली की आपल्याला कस आठवतो. हा काळेपणा त्या जातीचा नाही.

असा चिखल पाण्याखाली आहे तोवर गुपचूप असतो. पाणी काढून तो उघडा पाडला आणि त्यात गंधक-लोखंडाचा साठा मोठा असला, तर हवा लागून त्याचं तेजाब होतं. माती चिंचेहूनही आंबट होऊ शकते. केरळात कुट्टनाड म्हणून भाग आहे. भातशेती समुद्राच्या पातळीहून खाली. तिथल्या काही जमिनींना 'करी' म्हणतात. करी म्हणजे कोळसा. माती कोळशासारखी काळी, खणलं की अर्धवट कुजलेले ओंडके निघतात. त्या मातीत सेंद्रिय भाग भरपूर आहे, पण आंबटपणामुळं भाताच्या मुळ्या पोळतात. दुसरीही एक अडचण आहे. सेंद्रिय जमिनीतलं पाणी काढलं की आत हवा शिरते, साठलेला पाला झपाट्यानं कुजतो आणि जमीन खाली बसते. हॉलंडात अशा जमिनी शेकडो वर्षांत काही ठिकाणी मीटर-मीटर खाली गेल्या. म्हणून आता जाणकार म्हणतात, खाजण आहे तसं राहू द्या. महाराष्ट्रात २००५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयानं तिवरांची तोड थांबवली आणि २०१२ साली सरकारनं कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला.

पण जुन्या काळी लोकांना पोटासाठी जमीन हवी होती. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, लोकांनी खाडीला मातीचे बांध घातले. अशी जमीन काढणाऱ्याला शिलोत्री म्हणत. बांधाला एक दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की आतल्या पावसाच्या पाण्याच्या जोरानं दार उघडतं आणि पाणी बाहेर जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार आपोआप मिटतं. माणूस लागत नाही. आम्ही बराच वेळ ते दार पाहत उभे राहिलो. इतकी साधी युक्ती, आणि तिच्यावर गावंच्या गावं जगली.

बांधाला खांड पडली की मात्र उधाणाचं पाणी आत शिरतं आणि भात जातं. त्यामुळं बांध सगळ्या गावानं मिळून राखावा लागतो. एकाचा बांध फुटला तर दहांची शेतं खारी होतात. बांध कोणी घालायचा आणि भात कोणी न्यायचं यावरून भांडणंही फार झाली. अलिबाग तालुक्यात चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला. तो खोतांविरुद्ध होता आणि नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. त्याची हकीकत वेगळी सांगण्यासारखी आहे. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, पुढं १९७९ साली नवा झाला.

बांध घातला म्हणजे मातीतलं मीठ गेलं असं नाही. ते धुवावं लागतं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. असं पुन्हा पुन्हा. मग भात लावायचा. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं मीठ परत वर येतं आणि पुढच्या पावसात परत धुतलं जातं. पाऊस भरपूर आणि पाण्याला बाहेर पडायला वाट, या दोन गोष्टींवर तिथला शेतकरी तरतो.

आता तात्यांचं रान.

आपली काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झाली. त्या दगडातच निरनिराळे क्षार असतात. ते पावसाच्या पाण्यात सुटतात. कोकणात ते वाहून समुद्राला जातात. आपल्याकडं पाऊस सातशे ते नऊशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. त्यामुळं क्षार पुरते वाहून जात नाहीत, खाली मुरून राहतात. शेतात चुनखडीचे खडे दिसतात ना, तेही तसलेच न वाहिलेले सोबती. म्हणजे मीठ समुद्रातून आलेलं नाही. ते पहिल्यापासून खालीच होतं.

मग ते आताच वर का आलं? धरणं झाली, कालवे आले. त्याबद्दल तक्रार नाही. पाण्यावाचून काय होतं ते लातूरनं २०१६ साली पाहिलं, मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पण पाणी आलं की आपण उसाला पाट मोकळा सोडतो. काळी माती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही. कालवाही पाझरतो. हळूहळू जमिनीखालचं पाणी वर चढतं. समईची वात जशी तेल वर ओढते तशी माती ते पाणी वर ओढते. ऊन लागलं की पाण्याची वाफ होते. मिठाची होत नाही, ते वरच राहतं. सखल भागात आधी, कारण सगळ्या रानाचं पाणी तिकडंच उतरतं.

यात दोन रोग आहेत. लोक दोन्हींना एकच समजतात. एक खारवट जमीन. वर पांढरा थर, पण माती भुसभुशीत. दुसरी चोपण. तिच्यात सोडियम म्हणून क्षार मातीच्या कणांना चिकटून बसतो. ओली असताना ती लोण्यासारखी, वाळली की दगड. पाणी वर साचून राहतं. खारवट जमिनीला चर खणून, गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढावं लागतं. तिथं जिप्समचा खर्च वाया जातो. चोपण जमिनीला जिप्सम लागतं. ते सोडियमला कणांपासून सोडवतं. पण सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी, म्हणून चर आधी आणि जिप्सम मागून. किती टाकायचं ते मातीच्या तपासणीवरून ठरतं. दुकानदाराच्या अंदाजावरून नव्हे.

दोन्हींना सेंद्रिय भाग हवा. इथं आपली गोष्ट खाजणाच्या उलट आहे. तिथं हवा नाही म्हणून साठा होतो. आपल्याकडं ऊन कडक, नांगरट वारंवार, हवा भरपूर. टाकलेलं खत लवकर जळून जातं. वर आपण शेणाच्या गोवऱ्या करतो आणि उसाचं पाचट पेटवतो. तपासणीच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. तिथं ०.५० पेक्षा कमी आकडा असला तर कमी समजतात. म्हणजे शंभर किलो मातीत अर्धा किलोसुद्धा नाही. चोपण जमिनीत ताग तगत नाही, ढेंचा तगतो. तो फुलावर यायच्या आत जमिनीत गाडावा.

परत आलो तेव्हा वर्गात एवढं सांगितलं. आणखी एक घरगुती परीक्षाही सांगितली. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं नितळ पाणी घ्यायचं. त्यात शेतातलं वाळलेलं लहान ढेकूळ अलगद सोडायचं, ढवळायचं नाही. भोवतीचं पाणी दुधासारखं गढूळ होऊन तसंच राहिलं तर जमीन चोपण असण्याचा संशय घ्यावा. पण जमिनीत मीठही फार असलं तर पाणी नितळच दिसतं आणि आपण फसतो. म्हणून प्रयोगशाळेचा कागद हवाच.

दुसऱ्या रात्री तात्या तीन ढेकळं फडक्यात बांधून घेऊन आले. वरच्या रानातलं, मधलं आणि खालचं. कंदिलाजवळ तीन पेले मांडले. वरच्या रानातलं ढेकूळ विरघळून तळाशी बसलं, पाणी स्वच्छ राहिलं. मधल्याचं थोडं गढूळ झालं. खालच्याचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही पांढरट होतं. तात्यांनी पेला उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

माती त्यांनी तपासणीला दिली. कागद आला, तो त्यांनी वर्गात स्वतः अक्षर अक्षर लावून वाचला. जिप्समचा हिशेब झाला आहे. ढेंच्याचं बी सांगून ठेवलं आहे. चर मात्र शेजारच्या रानातून नाल्याला न्यावा लागणार. ते रान चुलतभावाचं. तो म्हणतो, तुझं खारं पाणी माझ्या बांधावरून कशाला? तात्या म्हणतात, बाबा, माझ्या दोन पट्ट्या झाल्या की पुढची तुझीच आहे, तूही ढेकूळ पाण्यात टाकून बघ. चुलतभावानं अजून टाकलेलं नाही.