भौतिकी आणि संगणकशास्त्र : एकत्र अभ्यासाचे प्रयोजन

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी मानेसर आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही येथेच आहे. या केंद्रात ३ टेस्ला क्षमतेचे एम.आर.आय. यंत्र असून, भौतिकी कोठे संपते व संगणकशास्त्र कोठे सुरू होते, हे त्या यंत्रापुढे उभे राहून सांगणे कठीण आहे.

ही दोन्ही शास्त्रे पदवीपर्यंत एकत्र शिकवणारी जी महाविद्यालये आहेत, त्यांपैकी एक मानेसरपासून फार दूर नाही. केंब्रिज मिशनने १८८१ साली दिल्लीत सेंट स्टीफन्स महाविद्यालय स्थापन केले. १९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठ निर्माण झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या तीन महाविद्यालयांत त्याचा समावेश होता. मुंबईचे विल्सन (१८३२) व सेंट झेवियर्स (१८६९) ही महाविद्यालये निराळ्या ख्रिस्ती पंथांनी काढलेली असली, तरी याच परंपरेतील होत. सेंट स्टीफन्समध्ये भौतिकी, गणित आणि संगणकशास्त्र या तीन विषयांची मिळून विज्ञानाची पदवी घेता येते. एकाच विषयाच्या ऑनर्स पदवीत त्या विषयाची जितकी खोली गाठता येते, तितकी येथे कोणत्याही एका विषयाची गाठता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. मग अशा अभ्यासाने विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? मानेसरच्या यंत्राच्या साहाय्याने हा प्रश्न तपासून पाहू.

आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजनची असंख्य अणुकेंद्रे असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती भोवऱ्याप्रमाणे डोलू लागतात. क्षेत्र १ टेस्ला असता त्यांची वारंवारता ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. म्हणून ३ टेस्लामध्ये ती १२७.७४ मेगाहर्ट्झ होते. आता शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हे क्षेत्र किंचित वाढवत नेले, तर प्रत्येक स्थानाचे डोलणे थोडे निराळे होते आणि स्थानाची खूण संदेशातच उमटते. १९७३ साली लॉटरबर यांनी हा मार्ग दाखविला. १९७५ मध्ये अनिल कुमार, वेल्टी आणि एर्न्स्ट यांनी फूर्ये रूपांतराने प्रतिमा मिळविण्याची रीत मांडली. यांपैकी अनिल कुमार यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले.

येथवर भौतिकी झाली. परंतु यंत्राला मिळतो तो सर्व स्थानांच्या लहरींचा एकत्र कल्लोळ. त्यातून एकेक लहर वेगळी काढणे हे गणनेचे काम होय. २५६ नोंदींवर ते सरळ मार्गाने केले, तर २५६ × २५६, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या लागतात. कुली आणि टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने साधारणतः २५६ × ८, म्हणजे २,०४८ पायऱ्या पुरतात. श्रम बत्तीस पटींनी कमी झाले.

आता एक अडचण पाहू. डोक्याच्या उभ्या छेदाच्या प्रतिमेत कधीकधी नाक डोक्याच्या मागील बाजूस दिसते. त्यामुळे मेंदूच्या त्या भागातील तपशील झाकला जाण्याचा संभव असतो. केवळ संगणक शिकलेला मनुष्य आज्ञावलीतील चूक शोधू लागेल; केवळ भौतिकी शिकलेला मनुष्य चुंबकावर संशय घेईल. वस्तुतः दोन्ही निर्दोष असतात.

लहरीच्या आवर्तनातील स्थितीला कला म्हणतात. दोन लागोपाठच्या नोंदींमध्ये चित्राच्या एका कडेच्या कलेत ० अंशांचा, तर दुसऱ्या कडेच्या कलेत ३६० अंशांचा फरक पडेल, अशी योजना केलेली असते. नाक चौकटीबाहेर राहिले, तर त्याचा फरक ३७० अंश होतो. पण घड्याळाचा काटा बारा ओलांडून पुन्हा एकावर यावा, त्याप्रमाणे ३७० अंश आणि १० अंश यांची नोंद एकच होते. संगणक त्या बिंदूला इमानेइतबारे १० अंशांच्या जागी, म्हणजे विरुद्ध कडेला, बसवितो. जी माहिती मोजतानाच नष्ट झाली, ती कितीही चतुर गणिताने परत मिळत नाही.

उपाय मोजण्यातच करावा लागतो. नोंदींमधील अंतर निम्मे केले की ३७० चे १८५ अंश होतात आणि नाक स्वस्थानी दिसते. मात्र तपशील पूर्वीइतकाच हवा असेल, तर नोंदी दुप्पट घ्याव्या लागतात आणि रुग्णाला यंत्रात दुप्पट वेळ निश्चल पडून राहावे लागते. हा व्यवहार कितपत पत्करावा, याचा निर्णय करण्यास निसर्ग काय देतो आणि गणना काय करू शकते, ही दोन्ही ज्ञाने एकाच मस्तकात असावी लागतात. तीन विषयांच्या पदवीत खोलीची जी उणीव राहते, ती पुढील अभ्यासाने भरून काढता येते. दोहोंच्या सीमेवर विचार करण्याची सवय मात्र आरंभीच लागलेली बरी.

अभ्यासासाठी : (१) १.५ टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची वारंवारता किती असेल? (२) १२८ नोंदींसाठी वरील दोन्ही रीतींनी लागणाऱ्या पायऱ्या काढा. (३) ४०० अंशांचा फरक असलेला बिंदू चित्रात किती अंशांच्या जागी दिसेल? तसे का होते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.