शेंगेत लपलेली ओळख

गणपती उठले की बजाजनगरातील एखाद्या मोकळ्या भूखंडावर जा आणि गवतात वाकून पाहा. जमिनीलगत पसरलेले, बारीक जांभळट-तांबूस फुलांचे एखादे रोप तेथे दिसण्याचा चांगला संभव आहे. आपण त्याला तण म्हणून सोडून देतो. ते ॲलिसिकार्पस या प्रजातीचे असू शकेल.

ही प्रजाती शिंबावंत कुलातील, म्हणजे मूग, तूर व हरभरा यांच्या कुळातील आहे. मात्र तुरीच्या पानाला तीन पर्णिका असतात, तर या रोपांच्या पानाला बहुधा एकच. शेंग तर अधिकच निराळी! वाटाण्याची शेंग वाळली की दोन बाजूंनी उकलते. ही शेंग उकलत नाही. तिचे आडवे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात एकच बी असते. ग्रीक भाषेत 'हॅलिसिस' म्हणजे साखळी व 'कार्पोस' म्हणजे फळ. त्यावरूनच हे नाव पडले.

या प्रजातीतील जाती पानांवरून सहज ओळखता येत नाहीत, कारण एकाच जातीची पाने निरनिराळ्या आकारांची असू शकतात. मग ओळखायचे कसे? शेंग आणि तिच्या बुडाशी असलेला कोरडा निदलपुंज पाहून. 'मोनिलिफर' जातीच्या शेंगेला मण्यांच्या माळेसारख्या खाचा असतात. 'व्हजायनॅलिस'च्या शेंगेला तशा ठळक खाचा नसतात. 'रुगोसस'च्या शेंगेवर आडव्या सुरकुत्या असतात आणि तिचा निदलपुंज पहिल्या तुकड्याहून लांब असतो.

अशा बारीक निरीक्षणातूनच मराठवाड्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक आणि पोकळे यांनी 'ॲलिसिकार्पस ल्यूटिओव्हेक्सिलेटस' ही नवी जाती विज्ञानाला दिली. नावाचा अर्थ सोपा आहे : पिवळ्या ध्वजदलाची. ध्वजदल म्हणजे फुलाची सर्वांत मोठी, उभी पाकळी. पुढे पोकळे यांनी आणखी एका जातीला 'नैकिॲनस' हे नाव देऊन नाईकांचा गौरव केला. नाईकांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा अल्पपरिचित जाती आपल्या भूखंडावर सापडतीलच असे नाही. पण तेथे काय उगवते याची नोंद कोणी केली आहे का? ही रोपे पावसाबरोबर येतात आणि उन्हाळ्यापूर्वी वाळून जातात. भूखंडावर इमारत उभी राहिली की तेथील नोंदीची संधी कायमची जाते.

करून पाहा : शेंगा धरलेली एक फांदी तोडा, रोप उपटू नका. भिंगातून शेंग व निदलपुंज पाहून चित्र काढा. ताज्या फुलाचा रंग लगेच लिहा, कारण वाळल्यावर तो बदलतो. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. शेजारी ठिकाण व तारीख लिहा. या दोन गोष्टी नसतील, तर उत्तम नमुन्याचेही मोल फार कमी होते.