अंगठा उचलत नाही? तेल चोळू नका

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर घसरून, पडताना हात टेकून मनगट मोडून घेतलेल्या बायका पनवेलमध्ये दरवर्षी दवाखान्यात येतात. प्लॅस्टर लागतं, हाड जुळतं. पण काही आठवड्यांनी एखादीचा अंगठा अचानक वर उचलेनासा होतो. फारसं दुखत नाही, म्हणून ती घरीच तेल चोळत राहते. कृपा करून असं करू नका. अंगठा ताणणारी कंडरा (टेंडन) तुटलेली असू शकते.

बोटं हलवणारे मोठे स्नायू हाताच्या पंजात नसून कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांच्या लांब कंडरा मनगटावरच्या अरुंद बोगद्यांतून बोटांपर्यंत जातात. अंगठ्याची कंडरा तर एका हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून जाते. तिथे सूज आली की तिचा रक्तपुरवठा घटतो, ती झिजते आणि तुटते. हाड जागचं फारसं हललेलं नसलं, तरीही हे घडतं.

तपासणी सोपी आहे. तळहात टेबलावर सपाट ठेवा आणि फक्त अंगठा छताकडे उचला. उचलला नाही, तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवा.

झिजलेली टोकं एकमेकांना शिवून सहसा भागत नाही. मग तर्जनी मदतीला येते. आता मूठ वळा आणि तर्जनी एकटीच सरळ करा. हे जमतं ते तिच्या स्वतंत्र स्नायूमुळे. करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या खालच्या भागातून तो निघतो. चारही बोटं ताणणाऱ्या सामाईक स्नायूची कंडराही तर्जनीला असतेच, त्यामुळे स्वतंत्र स्नायूची कंडरा शस्त्रक्रियेने अंगठ्याला जोडली तरी तर्जनी सरळ होते.

अशी उसनवारी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठीही होते. त्या शस्त्रक्रियेला भारतात वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून मोठी चालना दिली. आपल्या तालुक्यात नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी झटणारं शांतिवन आहे. तिथल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. बोट सरळ झालं की माणसाला आपल्या हाताने जेवता येतं, काम करता येतं. हे फार मोठं आहे.

अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आधारपट्टी आणि मग व्यायाम. सुरुवातीला तर्जनी उचलायचा विचार केला की अंगठा उठतो. घाबरू नका, मेंदू हळूहळू शिकतो. फिजिओथेरपी मात्र मध्येच सोडू नका.